साद आणि साक्ष : अग्रहार, अरण्य आणि आदिवासी साहित्याचे तौलनिक वाचन

१. तुलनेचा पाया

तौलनिक साहित्याभ्यासात आदिवासी साहित्याचा विचार बहुधा आशयाच्या अंगाने केला जातो. निसर्गाशी असलेले नाते, विस्थापनाचे दुःख, शोषणाविरुद्धचा विद्रोह ही सूत्रे हाती घेऊन एका खंडातील कविता दुसऱ्या खंडातील कवितेशेजारी ठेवली जाते आणि साम्य आढळले की अभ्यास पूर्ण झाला असे मानले जाते. या पद्धतीने साम्ये सापडतात हे खरे. परंतु ती इतकी सहज सापडतात की त्यांतून नवे काही हाती लागत नाही. जमीन हिरावल्या गेलेल्या कोणत्याही दोन समाजांच्या कवितेत जमिनीचा शोक असणारच.

प्रस्तुत निबंधात तुलनेचा पाया बदलून पाहण्याचा प्रयत्न आहे. बोललेला शब्द कोण ऐकतो, कोणत्या भाषेत ऐकतो, आणि तो शब्द साक्ष म्हणून केव्हा ग्राह्य धरला जातो, हा येथील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यासाठी तीन ठिकाणांचा विचार केला आहे : म्हैसूरचे अग्रहार आणि त्याच्या लगत दसऱ्याच्या निमित्ताने दरवर्षी येणारे जेनु कुरुब, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नवाहो, आणि मराठीत लिहिणारे भिल्ल, मावची व गोंड लेखक. तिन्ही ठिकाणी मौखिक परंपरा आहे, तिन्ही ठिकाणी भूमी हिरावल्याचा इतिहास आहे. मात्र शब्दाला मान्यता देणाऱ्या व्यवस्था तिन्ही ठिकाणी सारख्या नाहीत, आणि साहित्याचे रूप या भिन्नतेतून घडते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. अग्रहार आणि अरण्य

‘अग्रहार’ हा शब्द मुळात दानपत्रातला. अध्ययन-अध्यापन करणाऱ्या ब्राह्मणांना राजाने करमुक्त करून दिलेली भूमी किंवा वसाहत म्हणजे अग्रहार. दानाचे कारण, चतुःसीमा, साक्षीदारांची नावे हे सारे ताम्रपटावर किंवा शिळेवर कोरले जाई. दक्षिण भारतातील भूमी आणि लेखन यांचे नाते समजून घ्यायचे तर या संस्थेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. येथे जमीन मिळाली ती विद्येमुळे, आणि टिकली ती लेखामुळे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या दक्षिणेस असलेले अग्रहार आज शहराचा एक गजबजलेला भाग आहे. एकशे एक गणपतींचे देऊळ, दुकाने, वाहनांची वर्दळ यांत त्याचे जुने स्वरूप बरेचसे लोपले असले, तरी नावात तो इतिहास शाबूत आहे.

याच परिसराला लागून असलेल्या राजवाड्याच्या आवारात दरवर्षी दसऱ्याच्या आधी हत्तींचा मुक्काम पडतो. हुणसूर तालुक्यातील वीरनहोसहळ्ळीपासून ‘गजपयण’ निघते आणि हत्तींबरोबर माहूत, कावाडी व त्यांची कुटुंबे शहरात येतात. यांतील अनेक कुटुंबे जेनु कुरुब समाजातील असतात. ‘जेनु’ म्हणजे मध. मध गोळा करणारा, हत्तींची जाण असलेला हा समाज नागरहोळे आणि त्याच्या आसपासच्या रानातला. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात त्यांची संख्या सुमारे ३६ हजार. राज्यातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कोरग आणि जेनु कुरुब या दोनच समाजांचा समावेश आहे. त्यांची भाषा द्रविड कुळातली, कन्नडच्या जवळची. तिचे व्यवहार जवळजवळ सर्वस्वी मौखिक. मुलांसाठी आवारात तात्पुरती शाळा भरवली जाते. विजयादशमीच्या मिरवणुकीत सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी ज्या हत्तीच्या पाठीवर असते, त्याच्या मानेवर बसलेला माणूस लाखो लोकांना दिसतो. त्याची भाषा मात्र त्या गर्दीतील फारच थोड्यांना ऐकू येते.

हा समाज ज्या रानातून येतो, तेथे त्याचे वास्तव्यच वादग्रस्त ठरले आहे. नागरहोळे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्पात गेले, आणि या काळात अनेक कुटुंबे रानाबाहेर वसवली गेली. मे २०२५ मध्ये पन्नासहून अधिक जेनु कुरुब कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या जागी, नागरहोळेतील करडिकल्लु येथे, परत जाऊन राहू लागली. वनखात्याने आक्षेप घेतला आणि वाद अखेर वास्तव्याच्या पुराव्यावर येऊन ठेपला.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात सरकारी कागदपत्रांबरोबर दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांचा उल्लेख आहे, वंशावळीचा आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी केलेल्या, लेखी उतरवून घेतलेल्या कथनाचाही आहे. म्हणजे ज्याला आपण लोककथा, स्थलकथा, कुलकथा म्हणून साहित्याच्या दालनात ठेवतो, त्याच कथनाला कायद्याने, निदान कागदावर, ताम्रपटाच्या पंक्तीत बसवले आहे. अट एकच : ते लेखी उतरले पाहिजे. अग्रहाराला शेकडो वर्षांपूर्वी जे लेखन अनायास लाभले, ते अरण्याला आज अर्ज करून मिळवावे लागते. आणि उतरवून घेणारी भाषा राज्यकारभाराची असते, कथन करणाऱ्याची नसते. या उतरवण्यात काय गळते, हा केवळ महसुली प्रश्न नाही. तो भाषांतराचा आणि म्हणून तौलनिक साहित्याचाही प्रश्न आहे.

३. दुसऱ्याने उतरवलेले अरण्य

आदिवासींचे कथन उतरवून घेण्याचे काम साहित्यात दीर्घकाळ अभिजन लेखकांनी केले. म्हैसूर परिसरातील कुरुबांविषयी कन्नडमध्ये मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचे ‘काकन कोटे’ हे नाटक आहे. सतराव्या शतकातील रणधीर कंठीरव या राजाच्या काळात रानातील कुरुब आणि त्यांच्यावर कर बसवणारे अधिकारी यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. मराठीत गो. नी. दांडेकर यांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी ठाकर समाजाविषयी आहे. तिच्यातही मध, मधमाश्यांची राणी आणि डोंगर यांना मध्यवर्ती स्थान आहे. योगायोगाने या दोन्ही कृतींवर १९७७ मध्येच चित्रपट निघाले : कन्नडमध्ये सी. आर. सिंह यांचा, मराठीत डॉ. जब्बार पटेल यांचा.

दोन्ही लेखकांची सहानुभूती प्रामाणिक आहे आणि दोन्ही कृतींची गुणवत्ता निर्विवाद आहे. प्रश्न सहानुभूतीचा नाही, ऐकणाऱ्याच्या जागेचा आहे. मास्तींच्या नाटकात कुरुबांचा न्याय राजसत्तेच्या चौकटीत मागितला जातो. दांडेकरांच्या नाग्याची झुंज निसर्गाशी आणि स्वतःच्या श्रद्धेशी असल्यामुळे तिला कालातीत रूप येते. एकीकडे अरण्य इतिहासात येते ते राजाच्या दारी, दुसरीकडे ते इतिहासाबाहेरच राहते. ठाकरी बोलीची लय मराठी वाचकाला भुलवते. पण ती लय त्याच्याकडून काही मागत नाही. ज्याची भाषा आहे, तो या संहितेचा वाचक म्हणून गृहीत धरलेला नाही.

वारली कलेच्या बाबतीत हेच दृश्य पातळीवर घडले. लग्नाचा ‘चौक’ भिंतीवर सुवासिनी लिहीत आणि धवलेरी त्या वेळी गाणी म्हणत. १९७० च्या दशकापासून जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही चित्रे कागदावर आणि कापडावर आली, जगभर गेली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राला भाषांतर लागत नाही, म्हणून ते दालनात पोचले. धवलेरीच्या गाण्याला भाषा आहे, म्हणून ते गावातच राहिले. चौक आणि गाणे हे एकाच विधीचे दोन घटक होते; बाजाराने त्यांतील एकच उचलला.

४. नवाहो : ऐकण्याची व्यवस्था

नवाहो हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. हा समाज स्वतःला ‘दिने’, म्हणजे लोक, म्हणतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे. नोंदणीकृत सदस्यांची संख्या २०२१ मध्ये चार लाखांच्या घरात पोचली. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. १८६८ च्या तहानंतर ते परत आले, आणि परत आले ते आपल्याच चार पवित्र पर्वतांमधील भूमीच्या एका भागावर. बहुसंख्य स्थानिक अमेरिकी जमातींना दूरच्या अनोळखी प्रदेशात ढकलले गेले असताना हे परतणे अपवादात्मक होते. भूमी टिकली, म्हणून भाषेभोवती संस्था उभ्या राहू शकल्या.

१९६८ मध्ये नवाहोंनी स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. जमातीच्या नियंत्रणाखालील अमेरिकेतील ते पहिले महाविद्यालय. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. १९७३ मध्ये याच महाविद्यालयाने त्या सक्तीच्या पायपिटीविषयीची, घराण्यांतून चालत आलेली कथने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शंभर वर्षे तोंडी राहिलेली साक्ष अशा रीतीने छापली गेली, आणि छापणारी संस्था साक्षीदारांच्या वारसांची होती. करडिकल्लुच्या वडीलधाऱ्यांचे कथन उतरवून घेणारी यंत्रणा आणि ही संस्था यांच्यातील अंतर लक्षात घेतल्याशिवाय जेनु कुरुब आणि नवाहो यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

या व्यवस्थेत घडलेले साहित्य दोन दिशांनी जाते. रेक्स ली जिम यांनी १९८९ पासून नवाहो भाषेत कविता प्रसिद्ध केल्या. १९९८ च्या त्यांच्या संग्रहात नवाहोबरोबर आयरिश आणि इंग्रजी आहेत. स्वतःच्या भाषेशेजारी केवळ विजेत्याची भाषा न ठेवता, तीच भाषा सोसावी लागलेल्या दुसऱ्या एका समाजाची भाषा ठेवणे, ही निवड कवितेइतकीच अर्थपूर्ण आहे. हेच कवी २०११ ते २०१५ या काळात नवाहो राष्ट्राचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या १९९५ च्या संग्रहाचे नाव ‘साद’. नवाहोत त्याचा अर्थ शब्द, भाषा. मराठी वाचकाला या ध्वनीत हाक ऐकू येते. दोन भाषांतील हे साधर्म्य निव्वळ योगायोगाचे आहे आणि त्यावर कोणतीही व्युत्पत्ती रचणे चूक ठरेल. परंतु शब्द आणि हाक यांचे असे शेजारी येणे प्रस्तुत प्रश्नाला प्रकाश देते. हाकेला ऐकणारा लागतो. जिम यांची कविता आधी नवाहो ऐकणाऱ्याला हाक देते. बाकीच्यांनी भाषांतराची वाट पाहायची.

दुसरी दिशा इंग्रजीतून लिहिणाऱ्यांची. ल्युसी टापाहोन्सो २०१३ मध्ये नवाहो राष्ट्राच्या पहिल्या राजकवी झाल्या, त्यांच्यानंतर २०१५ मध्ये लॉरा टोही. टोही यांचे १९९९ मधील ‘नो परोल टुडे’ हे पुस्तक निवासी शाळांच्या अनुभवावर आधारलेले आहे. या शाळांत मुलांना नवाहो बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. दुसऱ्या महायुद्धात हीच भाषा अमेरिकी सैन्याने गुप्त संदेशांसाठी वापरली. टोही यांचे वडील त्या संदेशवाहकांपैकी एक; २०१२ मध्ये त्यांनी अशा सैनिकांची कथने संकलित करून पुस्तकरूपाने आणली. इंग्रजीत लिहिणारी कवयित्री येथे पुन्हा साक्ष उतरवून घेण्याच्या कामी लागते, मात्र ती मुलगी म्हणून ऐकते.

तथापि, या व्यवस्थेचे गौरवीकरण करून चालणार नाही. २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ख्रिस डेशीन या उमेदवाराला नवाहो अस्खलित येते हे सिद्ध न केल्याबद्दल बाद ठरवण्यात आले. २०१५ च्या सार्वमतात ती अट शिथिल झाली आणि उमेदवाराचे भाषाज्ञान पुरेसे आहे की नाही याचा निवाडा मतदारांकडे गेला. ज्यांच्या आईवडिलांच्या तोंडची भाषा शाळेत मारून काढली, त्यांच्याच मुलांकडून अस्खलितपणाचा दाखला मागायचा का, हा त्या वादाचा गाभा होता. भाषा हे संरक्षणाचे साधन जसे होते, तसे वगळण्याचेही होऊ शकते. अग्रहार केवळ संस्कृतचेच असते असे नाही.

५. मराठी : भेटीची भाषा आणि तिची किंमत

मराठीतील परिस्थिती वेगळी आहे आणि ती आकड्यांनी चटकन स्पष्ट होते. २०१० च्या सुमारास नवाहो बोलणारे सुमारे १ लाख ७० हजार होते. २०११ च्या जनगणनेत भिली/भिलोडी या शीर्षकाखाली एक कोटीहून अधिक भाषक नोंदले गेले, म्हणजे सुमारे साठपट. गोंडीचे भाषक जवळपास ३० लाख. २००३ मध्ये बोडो आणि संथाळी आठव्या अनुसूचीत आल्या. भिली आणि गोंडी बाहेर राहिल्या. शिवाय भिली/भिलोडी ही एक भाषा नाही. पावरी, मावची, वसावी अशा अनेक मातृभाषांची ती गोळाबेरीज आहे. गोंडी अनेक राज्यांत विभागलेली आहे आणि प्रत्येक राज्यात वेगळ्या राजभाषेच्या छायेत आहे. संख्या अफाट, पण ऐकणारी संस्था नाही. साक्षीच्या शब्दाचे वजन बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही हे यावरून दिसते.

अशा स्थितीत १९७० नंतर जे आदिवासी साहित्य उभे राहिले, ते मराठीत उभे राहिले. याकडे केवळ परवशता म्हणून पाहणे अपुरे आहे. भुजंग मेश्राम हे यवतमाळकडचे गोंड कवी. १९९० मधील त्यांच्या संग्रहाचे नाव ‘उलगुलान’. हा शब्द बिरसा मुंडांच्या उठावाचा, मुंडारीतला. गोंड कवी मराठी संग्रहाला मुंडारी नाव देतो, तेव्हा तो प्रमाण मराठीच्या वाचकाला एक सूचना देत असतो : ही मराठी तुमच्या एकट्याची नाही. गोंड, भिल्ल, कोलाम, वारली यांना एकमेकांच्या भाषा येत नाहीत; त्यांची परस्परांशी भेट मराठीत होते. ‘आदिवासी’ ही एकत्रित अस्मिता महाराष्ट्रात बव्हंशी मराठीत घडली, हे मान्य करावे लागते. नवाहो साहित्याला एका भाषेचा आणि एका भूमीचा आधार आहे. मराठी आदिवासी साहित्याला भेटीच्या भाषेचा. दोहोंना एकच निकष लावणे अन्यायाचे होईल.

परंतु भेटीच्या भाषेची किंमत असते आणि ती कोणी मोजली हे पाहणे समीक्षेचे काम आहे. वाहरू सोनवणे शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आले. १९८७ मधील ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह मराठी आदिवासी कवितेतील महत्त्वाचा टप्पा. त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कविता व्यासपीठाविषयी आहे : आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्यांच्या हाती ते व्यासपीठ आहे. ही कविता सहसा प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावरील टीका म्हणून वाचली जाते. ती भाषेविषयीही आहे. व्यासपीठावरची भाषा समोर बसलेल्यांच्या घरची नाही. म्हणून दुःख बोलले गेले तरी साक्ष होत नाही. नजुबाई गावित यांच्या आत्मकथनाचे ‘आदोर’ हे शीर्षकच प्रमाण मराठी वाचकाला उंबऱ्यावर थांबवते. ‘म्होरकी’च्या कवयित्री उषाकिरण आत्राम गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहितात. या लेखकांच्या मराठीत परकी वाटणारी क्रियापदे, नातेवाचक शब्द, झाडांची आणि दैवतांची नावे यांना समीक्षेने दीर्घकाळ ‘बोलीचा गोडवा’ म्हटले. तो गोडवा नाही. अनुवाद होऊ न दिलेला तो मजकूर आहे. मूळ संहिता अन्यत्र आहे याची ती खूण आहे.

देशीवादाने मराठी समीक्षेला बोलींकडे वळवले, हे त्याचे ऋण मोठे आहे. मात्र ‘देशी’ची कल्पना एका भूमीवर एक भाषा असे गृहीत धरू लागली की नंदुरबारच्या डोंगरातील पावरी किंवा गडचिरोलीच्या रानातील माडिया तिला मराठीची बोली वाटू लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या निकषांत प्राचीन लिखित पुराव्याला मोठे स्थान आहे. आनंदाची गोष्ट खरी. पण याच मोजपट्टीने मोजले तर गोंडी, कोरकू, जेनु कुरुब आणि नवाहो या चारही भाषा अपात्र ठरतील. ताम्रपट ज्याच्याकडे आहे त्यालाच वारसा, हा अग्रहाराचा न्याय आपण भाषांनाही लावत आहोत, याचे भान त्या आनंदात सुटू नये.

६. वाचकाची जबाबदारी

या विवेचनातून तौलनिक अभ्यासापुढे तीन कामे येतात. पहिले, आदिवासी लेखकाची मराठी संहिता वाचताना तिच्यामागील भाषेचे नाव घेणे. ‘आदिवासी कविता’ असे सरसकट न म्हणता मावची-मराठी, गोंडी-मराठी, भिली-मराठी असे म्हटले, तर अभ्यासकाला आपले अज्ञान कोठे आहे हे निदान कळेल. दुसरे, द्विभाषिक मुद्रण. पाठ्यपुस्तकांत आणि संपादित संग्रहांत या कविता केवळ मराठीत छापल्या जातात. कवीने मूळ भाषेत लिहिले असेल तर ती संहिता डाव्या पानावर असली पाहिजे, वाचक ती वाचू शकत नसला तरीही. न कळणारे पान समोर असणे हाही एक प्रकारचा संस्कार आहे. तिसरे काम सर्वांत अवघड : साहित्याच्या आणि भाषाशास्त्राच्या विभागांनी वनहक्काच्या दाव्यांसाठी होणाऱ्या कथनांच्या नोंदीत सहभागी होणे. कथन जसेच्या तसे, सांगणाऱ्याच्या भाषेत टिपणे आणि मग त्याचे भाषांतर करणे हे आपल्या ज्ञानशाखेचेच कौशल्य आहे. १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्था म्हैसूरमध्येच आहे. नागरहोळेचे रान तेथून दूर नाही.

म्हैसुरातील मराठी वाचकाला घरची भाषा एक आणि रस्त्यावरची दुसरी, हा अनुभव नवा नाही. पण त्याच्या घरच्या भाषेमागे छापखाने, विद्यापीठे आणि एक राज्य उभे आहे. राजवाड्याच्या आवारातील तात्पुरत्या शाळेत बसलेल्या मुलाच्या भाषेमागे यांपैकी काहीच नाही. त्या मुलाच्या आजोबांनी नागरहोळेतल्या एखाद्या दफनभूमीविषयी सांगितलेली गोष्ट लोककथा म्हणून संग्रहित व्हायची की पुरावा म्हणून नोंदली जायची, हे अजून ठरायचे आहे. ती दोन्ही असू शकते, असे मानणारी समीक्षा आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही.